वेळ अमावस्येच्या दुपारची झोप

मुरुमच्या बाजारात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. इतकी वर्षं येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बाटली देताना मी तेच सांगत आलो : लेबल वाचा, मापानं घाला, आणि विचारल्याशिवाय दोन औषधं एका पंपात मिसळू नका. लोक मान हलवतात, रानात जातात आणि एक झाकण जास्त घालतात. एका झाकणानं काय होतंय, असं प्रत्येकाला वाटतं. मग पीक करपलं की बाटली परत घेऊन येतात आणि माझ्याकडं संशयानं बघतात.

हे मी झोप न येणाऱ्यांसाठी लिहितोय, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. मी डॉक्टर नाही, त्यामुळं काय घ्यावं ते सांगणार नाही. माझं काय झालं तेवढंच सांगतो. गेल्या वेळ अमावस्येला मी मरायला निघालो होतो अशी माझ्या माणसांची समजूत झाली. तसं नव्हतं. पण ते माझ्या बायकोला पटवणं मला अजून पुरतं जमलेलं नाही. दुकानामागच्या गोदामाची किल्ली आजही तिच्या कमरेला असते. कीटकनाशकाचं खोकं काढायचं झालं तरी मला तिला हाक मारावी लागते.

झोप गेली ती

ती का गेली, हे मला नक्की सांगता येत नाही. डॉक्टरांनाही मी तीन वेगवेगळी कारणं सांगितली. त्यातलं एक असं, की पेरणीच्या आधी मी दर साली सोयाबीनचे मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघतो. एका साली घाईत एका लॉटची बघायची राहिली आणि नेमका तोच लॉट कमी उगवला. बियाणं कंपनीचं होतं, पिशवीवर शिक्का होता, कायद्यानं माझ्यावर काही येत नव्हतं. पण ज्यांनी माझ्या तोंडाकडं बघून पिशवी नेली होती त्यांना मी काय सांगणार होतो? पाऊस निघून चालला होता आणि ते दुबार पेरत होते. मी अंथरुणावर पडलो की रानातल्या त्या न उगवलेल्या, मोकळ्या ओळी दिसायच्या.

आमच्याकडं झोप न येणं हा आजार धरत नाहीत. "रानात कुळवाच्या दोन पाळ्या मारा, आपोआप येतीय," असं लोक सांगतात. कुणी म्हणतं, सुखाचं दुखणं आहे. मी हसून घ्यायचो.

पण जागरणानं माणसाचं जे होतं ते नुसतं थकणं नसतं. मला सगळ्यांचा संशय येऊ लागला. दुकानासमोर दोघं बोलत उभे राहिले की माझ्याबद्दलच बोलतायत. सुनंदा, माझी बायको, फोन घेऊन मागच्या दाराला गेली की काहीतरी लपवतेय. धाकटा भाऊ बालाजी शेती बघतो आणि गर्दीच्या दिवसांत दुकानात उभा राहतो. त्याला मी एकदा गिऱ्हाइकांसमोर विचारलं, समोरच्या दुकानदाराशी तुझं काय गुपित चाललंय? त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि रानात निघून गेला. त्यानं समोरच्याकडं आमच्याच गिऱ्हाइकासाठी एक औषध आहे का ते विचारलं होतं, हे मला नंतर कळलं.

पाहुण्याला घेऊन आलो होतो

सुनंदानंच मला सोलापूरला नेलं. मनाच्या डॉक्टरकडं. मी तोंडाला रुमाल बांधून बाकावर बसलो. समोरच्या बाकावर रुमाल बांधलेलाच एक माणूस होता. बऱ्याच वेळानं आम्ही एकमेकांना ओळखलं. तो माझं जुनं गिऱ्हाईक निघाला. तो म्हणाला, पाहुण्याला घेऊन आलोय. मी म्हणालो, मीपण पाहुण्यालाच घेऊन आलोय. पाहुणा कुठंच नव्हता. तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी झोपेबद्दल थोडंच विचारलं आणि बाकीचंच जास्त विचारलं. शेवटी म्हणाले, "झोप जाणं हे शेवटी आलंय. आधी काळजी आलीय. तिच्यावर औषध घेऊ, झोप मागून येईल." सकाळची एक गोळी बरेच महिने घ्यायची. रात्रीची एक, तीही थोडेच दिवस, आणि एकापेक्षा जास्त नाही. चहा कमी करा, दुपारी झोपू नका, असंही सांगितलं.

मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला. मी झोप मागायला गेलो होतो, त्यांनी माझ्या हातात वेगळाच आजार ठेवला. बाहेर आल्यावर सुनंदा म्हणाली, "बरं झालं, नाव तरी कळलं." मी परतीच्या गाडीत गोळ्यांच्या डब्यातला कागद काढून वाचत बसलो. धंद्याची सवय. ज्या कागदावर बारीक अक्षरांत इतकं लिहितात त्यात काहीतरी लपवलेलं असतं, असं मला वाटतं. त्यात लिहिलेले सगळे त्रास मला वाटेतलं जळकोट येईपर्यंतच होऊ लागले.

सकाळची गोळी मी घेतलीच नाही. सुनंदासमोर तोंडात टाकायची आणि मोरीत जाऊन थुंकायची. रात्रीची तेवढी घ्यायचो, कारण तिनं काही तास तरी मिळायचे. माझा एकमेकांत न बसणारा हा कारभार मला तेव्हा हुशारीचा वाटत होता.

कागदी कणसं

आमची एकुलती मुलगी प्राजक्ता पुण्यात नोकरी करते. तिला मी सोलापूरच्या डॉक्टरांचं कळू दिलं नव्हतं. सुनंदालाही शपथ घातली होती. पण झोप येत नाही हे ती फोनवरच्या आवाजावरून ओळखायची. एक दिवस तिनं कुरिअरनं पाकीट पाठवलं. आत वाळलेली फुलं होती. हिरव्या पातळ कागदाची इवली कणसं करावीत तशी, पाकळीवर पाकळी. चुरगाळली की पिवळी धूळ बोटांना लागायची आणि उग्र, आंबूस वास यायचा. सोबत त्याच फुलांची एक छोटी पुरचुंडी, उशीखाली ठेवायला.

"बाबा, ह्याला हॉप्स म्हणतात," ती फोनवर म्हणाली. "थंड मुलखात वेलीला येतात. तिकडची लोकं झोपेसाठी चहासारखं पितात. माझ्या ऑफिसातली एक जण घेते." मग तिनं विचारलं, "तुम्हाला दुसरं कुठलं औषध चालू नाही ना? त्याच्याबरोबर घेऊ नका असं लिहिलंय."

मी म्हणालो, "नाही. काही चालू नाही."

पाकिटावरचं ते वाक्य मी स्वतः वाचलं होतं. चष्मा लावून वाचलं होतं. झोपेच्या किंवा मन शांत करण्याच्या औषधाबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. एक चमचा फुलं, गरम पाणी, थोडा वेळ झाकून ठेवा, गाळा. बस.

फोनवर शोधलं तर कळलं, बिअरला कडूपणा येतो तो ह्याच फुलांचा. मी पाकीट बाजूला ठेवायला हवं होतं, किंवा सुनंदाला दाखवायला. तिचे वडील दारूपायी गेले. आमच्या घरात तो विषय निघाला तरी ती उठून जाते. मी दोन्ही केलं नाही. पुरचुंडी उशीच्या अभ्र्यात सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात न देता ती माझ्यासमोर उभी राहिली.

"तोंड उघडा."

मी उघडलं. तिनं जवळ येऊन वास घेतला. मग उशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. चहा ठेवून गेली. त्या दिवसापासून ती माझ्या कपड्यांचे खिसे बघू लागली. मला वाटलं, बघू दे. संशय घेणारा मी एकटाच कशाला असावं? आणि पाकीट दुकानात नेलं.

एक झाकण जास्त

दुकानात चहासाठी बारकी शेगडी आहे. पाकिटावर झाकून ठेवा असं लिहिलं होतं, पण आपल्याकडं पाल्याचा काढा म्हणजे पाणी निम्म्यावर आणायचं. मी उकळलं. जितकं उकळावं तितकं ते कडू होत गेलं. किराईताचा काढा गोड म्हणावा असं. प्यायला हाताशी कप नव्हता, म्हणून औषधाच्या खोक्याबरोबर येणारं कोरं मापाचं भांडं घेतलं, ज्यावर रेघा असतात ते. पंपात किती घालायचं ते मी त्याच भांड्यानं लोकांना दाखवतो.

फरक पडला का? सुरुवातीला वाटलं, पडला. अंग सैल व्हायचं, डोळे जड व्हायचे. पण माझं मनच मला फसवतंय की काय असाही संशय होताच. फरक पडला की वाटायचं, अजून घातलं तर अजून पडेल. नाही पडला की वाटायचं, कमी पडलं. माझी गिऱ्हाइकं हेच म्हणतात. मी त्यांना वेड्यात काढायचो.

रात्रीची गोळी चालूच होती. डॉक्टरांना फुलांचं माहीत नव्हतं. मुलीला गोळ्यांचं माहीत नव्हतं. बायकोला वाटत होतं मी दारू पितो. सगळं मिळून फक्त मला माहीत होतं, आणि मला वाटत होतं की ते सांभाळायला मी पुरेसा आहे.

वेळ अमावस्या

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. वेळ अमावस्येला आमच्याकडं गाव रिकामं होतं. सगळे रानात जातात. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, तिच्यात कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपटं करतात, पूजा होते, आणि भज्जी, उंडे, खीर, माठातली आंबील असं जेवण होतं. वाटेनं जाणाऱ्यालाही हात धरून बसवतात. त्या दिवशी बाजारात दवाखाना उघडा नसतो, रिक्षा नसते, पानटपरीसुद्धा नसते.

त्याच्या आधीच्या कितीतरी रात्री मला झोप नव्हती. सकाळी सुनंदा जेवणाच्या पाट्या भरून बालाजीच्या ट्रॅक्टरमध्ये बसली, तेव्हा मी म्हणालो, दुकानातलं थोडं उरकून येतो. मी खरं बोलत नव्हतो. मला रानात वीस-पंचवीस लोकांमध्ये हसत बसायचं नव्हतं. सगळा गाव बाहेर आहे, कुणी येणार नाही, एक दुपार गोदामात गाढ झोपून घेऊ, हे मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

शटर आतून अर्धं ओढलं. फोन गल्ल्यात ठेवला. काढा भांडं भरून घेतला. आणि त्यावर रात्रीच्या गोळ्या घेतल्या. एक नाही, दोन. त्यावेळी मनात काय होतं? एका जादा गोळीनं काय होतंय, एवढंच. खताच्या पोत्यांवर घोंगडं टाकलं आणि पडलो.

पुढचं मला बालाजीकडून कळलं. सुनंदा त्याबद्दल बोलत नाही. जेवणं सुरू झाली तरी मी आलो नाही, फोन उचलला नाही, म्हणून बालाजी मोटारसायकलवर आला. सुनंदा मागं बसली. मला ओरडून हाक मारली, हलवलं, मी हूं केलं आणि पुन्हा पडलो. चारी बाजूला कीटकनाशकांची खोकी, गोदामाला असतोच तो वास, आणि उशाशी मापाचं भांडं. त्यात हिरवट गाळ.

"दादा, तुमी घोरत होता," बालाजी मला नंतर म्हणाला. "घोरनारा मानूस मराय लागलेला नसतो, हे मला कळाय पायजे होतं. पण ते भांडं बघितलं आन् डोकंच चाललं न्हाय."

आमच्या भागात कुणी विष घेतलं की आधी मिठाचं पाणी पाजतात. ओकारी काढायला. हे पोरासोरांना माहीत असतं, पण झोपेत असलेल्या माणसाला काहीही पाजू नये, हे कुणाला माहीत नसतं. बालाजीनं मला धरलं. सुनंदानं तांब्यात मीठ कालवलं. "तोंड उघडा," म्हणून ती ओरडत होती म्हणे, आणि मी झोपेत उघडलं. तिनं ओतलं. मी ठसकलो, निळा पडलो, आणि तिला वाटलं विष चढलं. तिनं आणखी ओतलं.

रानातून कुणाचीतरी जीप आली, तिच्यात घालून मला सोलापूरला नेलं. जळकोटजवळ मी डोळे उघडले होते, असं बालाजी सांगतो. मला आठवतं ते फक्त छातीत भरलेलं पाणी आणि खारट तोंड.

बंद दारापलीकडं

छातीत पाणी गेल्यानं फुप्फुसाला सूज आली. अतिदक्षता विभागात तोंडाला ऑक्सिजन लावून ठेवलं. तपशील सांगत नाही. पहाटे दिवे लागायचे, अंग पुसायचे, सुई, गोळ्या, मग डॉक्टरांचा घोळका. नातेवाइकाला ठरलेल्या वेळी एकेकटंच आत सोडत. तिथल्या सफाईच्या मावशी माझे ओठ सुकलेले बघून ओला कापूस लावायच्या आणि म्हणायच्या, "निवांत पडा. हितं कोनती पेरनी ऱ्हायलीय?" माझ्या जिवाला त्यांचा जो आधार झाला तो मोठ्या औषधांचा झाला की नाही, शंका आहे.

सुनंदा बाहेर जिन्याखाली चादर टाकून बसलेली असायची. संशयित विषबाधा म्हणून पोलिसांना कळवलेलं होतं. हवालदार जबाब घ्यायला आले. चांगले होते, हळू बोलत होते. घरात काही भांडण? कुणाशी वाद? मग त्यांनी बाहेर जाऊन सुनंदालाही विचारलं, नवऱ्याला काही टोचून बोलत होता का? जिनं घरातली माणसं रानात सोडून मला वाचवायला धाव घेतली, तिनं त्या प्रश्नाला मान खाली घालून "न्हाय" म्हटलं. हे मला मावशींनी सांगितलं.

आणि तिथले डॉक्टर तिच्यावर चिडले. मिठाच्या पाण्यानंच जास्त नुकसान झालं, असं सगळ्यांसमोर म्हणाले. ते खरंच होतं. पण ते ऐकताना तिचा चेहरा मला काचेतून दिसला, आणि मी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी मला विचारलं, काय घेतलं होतं? मी म्हणालो, झोपेच्या फुलांचा काढा. मुलीनं पाठवला होता. आणखी काही? "रोजची एक गोळी." रक्तात कीटकनाशक निघालं नाही. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि लिहून घेतलं.

खोटं मोठं नव्हतं. एका गोळीचंच होतं. दोन म्हटलं असतं तर लोक म्हणणार, जाणूनबुजून घेतल्या. म्हणून मी सगळा भार फुलांवर टाकला, आणि फुलं ज्या हातांनी आली त्या हातांवर तो गेला.

प्राजक्ता रात्रीच्या गाडीनं आली होती. पलंगाच्या पायाशी उभी राहून म्हणाली, "बाबा, माझ्यामुळं झालं." मी तोंडावरचा मास्क बाजूला करू शकत होतो. नाही केला.

डुप्लिकेट माल

घरी आलो. लोक भेटायला येत. कुणी थेट विचारत नसे, पण बायका सुनंदाला बाजूला घेऊन बोलायच्या. जुनं गिऱ्हाईक असलेले एक आबा दुकानात आले, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "शेठ, वाचला म्हंजी तुमच्या दुकानातला माल डुप्लिकेट हाय." सगळे हसले. मीही हसलो. सुनंदा आतून आली, आबांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "मग डुप्लिकेट कशाला नेता? समोरून न्या." आबा ओशाळून गेले. मला वाटलं ती माझी बाजू घेतेय. पण नंतर ती माझ्याशीही बोलली नाही.

ती प्राजक्ताशीही बोलत नव्हती. हे मला उशिरा लक्षात आलं. फोन वाजला की माझ्या हातात द्यायची. ही फुलं बिअरमध्ये घालतात हे तिला दवाखान्यात कळलं होतं, आणि पोरीनं बिअरचं फूल पाठवून बापाला पाडलं, असं तिनं मनात पक्कं केलं होतं. संक्रांतीला प्राजक्ता आली नाही. सुट्टी नाही म्हणाली. मी म्हणालो, बरं. दोघींमध्ये मी बसलो होतो, एक वाक्य माझ्याकडं होतं, आणि ते मी गिळून बसलो होतो.

सुनंदाचा काढा

एका दुपारी जेवून मी आडवा झालो होतो. उठलो तेव्हा दिवस कलला होता. सुनंदा चुलीपुढं भाकरी थापत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात आलो आणि थांबलो. ओट्यावर ते मापाचं भांडं धुऊन पालथं घातलेलं होतं. शेजारी प्राजक्तानं पाठवलेलं पाकीट, दोन्ही तिनं दुकानातून आणलेलं. घरात तोच आंबूस वास.

"कशाला उकळलंस?"

तिनं वर बघितलं नाही. "म्या घेतला."

"किती?"

"तुमी डाक्टरला सांगितला तेवढाच. निम्म्यावर आनला, तेच भांडं भरून घेतला. तुमी झोपला तवाच." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "डुलकीबी आली न्हाय मला. नुसतं कडू. ह्यानं मानूस पोत्यावर मढ्यागत पडत न्हाय."

मी ओरडलो, तुला काही झालं असतं म्हणजे?

"झालं असतं, तर पोरीवरला राग खरा ठरला असता." आता तिनं माझ्याकडं बघितलं. "न्हाय झालं. आता दुसरं काय होतं ते सांगा."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. दोन गोळ्या घेतल्या होत्या हे सांगितलं. सकाळच्या गोळ्या थुंकत होतो हेही सांगितलं. प्राजक्तानं विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो, हेही. भाकरी करपली. तिनं ती काढून बाजूला ठेवली.

"मरायचं होतं?"

"नाही. एक दुपार जागं राहायचं नव्हतं, एवढंच."

"ह्या दोन्हीतला फरक म्या कसा वळखायचा?"

  मी खरं सांगत होतो, पण खरं सांगणाऱ्या माणसासारखा मी दिसत नव्हतो, आणि ती चूक तिची नव्हती.

ती पदराला हात पुसत म्हणाली, "पोरीला फोन लावा. हितं, माझ्यासमोर."

लावला. जे सांगायचं ते सांगितलं, थांबत थांबत.  मग प्राजक्ता म्हणाली, "बाबा, मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही नाही म्हणाला होता."

"हो."

"आईला द्या."

मी फोन सुनंदाकडं दिला. तिनं कानाला लावला, आणि इतक्या दिवसांनी पहिला शब्द काय काढावा हे तिलाही कळेना. शेवटी म्हणाली, "जेवलीस का?" मी तिथून अंगणात गेलो. त्या दोघी बोलत राहिल्या, आणि बोलणं माझ्याबद्दलच होतं. ह्या वेळी तो संशय नव्हता.

आता

आम्ही दोघं सोलापूरला गेलो आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. रुमाल बांधला नाही. सुनंदानं काढा घेतला हे ऐकून ते माझ्यापेक्षा तिच्यावर जास्त रागावले. तिला झोप आली नाही ह्यावरून काही सिद्ध होत नाही, म्हणाले. एकाला काही होत नाही, दुसऱ्याला होतं, आणि गोळीबरोबर घेतलं की आणखी वेगळं होतं. त्या दुपारी फुलांचा वाटा किती आणि गोळ्यांचा किती, हे आता कुणी सांगू शकणार नाही. मी विचारलं, मग फूल वाईट की चांगलं? ते म्हणाले, "मला न सांगता घेतलेलं कुठलंही वाईटच समजा."

आपल्यापैकी कुणी असं काही घेत असेल, गोळी असो, पाला असो, कुणी प्रेमानं पाठवलेलं असो, तर निदान एका माणसाला सगळं सांगा. अर्धं एकाला आणि अर्धं दुसऱ्याला नको. आणि गुंगीतल्या माणसाच्या तोंडात मिठाचं पाणी ओतू नका. हे मी आता दुकानात प्रत्येकाला बाटलीबरोबर सांगतो. आबा म्हणतात, शेठ लई बोलाय लागले.

बालाजी दुकानात परत उभा राहतो. समोरच्या दुकानदारावरून घेतलेल्या संशयाबद्दल मी त्याची माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दादा, तुमाला झोप नव्हती." एवढ्यावर त्यानं ते मिटवलं, माझ्या मनातलं मिटत नाही.

झोप पूर्वीसारखी नाही, पण येते. सकाळची गोळी घेतो. गोळ्या सुनंदाकडं असतात. ती एक तळहातावर ठेवते, पाण्याचा तांब्या देते, आणि मी गिळली की म्हणते, "तोंड उघडा. जीभ उचला." मी उचलतो. आधी ह्याचा मला अपमान वाटायचा. ती बघते, मान हलवते, मग डबा कपाटात जातो आणि किल्ली कमरेला.

परवा सकाळी तिची घाई होती. दारात भाजीवाली उभी होती. तिनं गोळी दिली, मी गिळली, आणि ती काही न म्हणता वळून निघाली. मी तिथंच थांबलो. तोंड उघडलं, जीभ उचलली आणि तसाच उभा राहिलो.

ती दारातून परत आली. बघितलं. नीट बघितलं, रोजच्यापेक्षा जास्त वेळ.

"मिटा आता," ती म्हणाली. "दिसलं."